एकच हिशेब, दोन उत्तरे

वाचकहो, वर्षभर या सदराकडे पत्रे येतात. त्यांतली बरीचशी गीझर, पंखे आणि मोबाईलच्या बॅटऱ्या यांची गाऱ्हाणी घेऊन येतात. पण एक पत्र मी दिवाळी अंकासाठी मुद्दाम बाजूला काढून ठेवले होते. ते ठाण्याच्या एका भगिनींचे आहे. त्यांचे चिरंजीव पुण्याला संगणकाच्या कामावर असतात. चार दिवसांच्या रजेवर घरी आले आणि चारही दिवस मांडीवर यंत्र घेऊन, कपाळाला आठ्या घालून बसले. जेवायलासुद्धा तीन हाका माराव्या लागल्या. आईने कारण विचारले तेव्हा उत्तर आले, "अगं, तीच चाचणी बारा यंत्रांवर चालवली. अकरा यंत्रांवर पास, सात नंबरवर नापास. आणि पुन्हा चालवली की कधीकधी सात नंबरही पास!"

भगिनींचा प्रश्न असा : "यंत्राला राग नाही, लोभ नाही, झोप नाही की विसराळूपणा नाही. मग एकाच हिशेबाची दोन उत्तरे कशी येतात? की मला टाळण्यासाठी मुलगा काहीतरी सांगतो आहे?"

मुलगा खरे तेच सांगतो आहे, बाई. आणि त्याच्या आठ्याही खऱ्या आहेत.

आधी दोन-तीन शब्दांची ओळख करून घेऊ. एका थंडगार खोलीत, फडताळासारख्या कपाटांतून, एकावर एक रचलेले पन्नास-शंभर किंवा हजारो संगणक एकमेकांना जोडून मोठे काम वाटून घेतात. त्या गोतावळ्याला क्लस्टर म्हणतात आणि त्यातल्या एकेका यंत्राला नोड. चाचणी म्हणजे आपल्या शाळेतला ताळा. गुणाकार करून झाला की आपण नवांचा ताळा पाहत असू. तसा प्रोग्राम लिहिणारा माणूस शेजारी दुसरे छोटे प्रोग्राम लिहून ठेवतो. त्यांचे उत्तर आधीच ठाऊक असते. मूळ प्रोग्रामात काही फेरफार केला की हे सारे ताळे पुन्हा चालवायचे. जुळले तर ठीक, न जुळले तर कुठेतरी पाणी मुरते आहे.

आता ताळा अकरा ठिकाणी जुळतो आणि बाराव्या ठिकाणी जुळत नाही, याला कारणे अनेक आहेत. त्यांतले पहिले असे आहे की त्यात कुणाचाच दोष नाही, आणि ते ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. संगणकाच्या अपूर्णांकी बेरजेत क्रम बदलला की उत्तर बदलू शकते!

एक वही अशी घ्या की जिच्यात कोणतीही रक्कम फक्त तीन आकड्यांत लिहायची. उरलेले जवळच्या आकड्यात मिटवायचे. या वहीत 100 रुपये, 40 पैसे आणि पुन्हा 40 पैसे यांची बेरीज करा. वरून खाली आलात तर 100 आणि 40 पैसे म्हणजे 100.4, तीन आकड्यांत 100. पुन्हा 40 पैसे मिळवले, पुन्हा 100. ऐंशी पैसे हवेत विरले. खालून वर गेलात तर 40 आणि 40 म्हणजे 80 पैसे. ते शंभरात मिळवले की 100.8, तीन आकड्यांत 101. रकमा त्याच, वही तीच, आणि दोन्ही कारकून प्रामाणिक. उत्तरात मात्र रुपयाचा फरक!

संगणकाच्या वहीत नेहमीच्या हिशेबाला तीन नव्हे, सुमारे पंधरा-सोळा आकडे मावतात. म्हणून फरक पडतो तो अगदी शेपटाला. पण पडतो. एकट्या यंत्राने ठरलेल्या क्रमाने बेरीज केली तर उत्तर रोज तेच येईल. क्लस्टरमध्ये मात्र काम वाटलेले असते. ज्या नोडचा वाटा आधी हाती येईल तो आधी मिळवायचा अशी रीत ठेवलेली असली, तर आज तिसरा नोड आधी पोचतो, उद्या नववा. क्रम बदलला, शेपूट बदलले.

1985 पूर्वी तर याहून मौज होती. रक्कम कशी मिटवायची याबाबत प्रत्येक यंत्र-कारखानदाराची आपली वेगळी चाल असे. त्या वर्षी आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने एक मानक ठरवून दिले. त्यामागे विल्यम काहान या गणितज्ञाचे मोठे परिश्रम होते आणि 1989 चे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले. या मानकामुळे एकेका बेरजेचे, एकेका गुणाकाराचे उत्तर सगळीकडे सारखे झाले. पण कोणती बेरीज आधी करावी हे मानक कसे सांगणार?

दुसरे कारण वाण्याच्या दुकानात सापडेल. दीड किलो साखर 43 रुपये भावाने घेतली : 64 रुपये 50 पैसे. मागची बाकी 20 रुपये 50 पैसे. एक वाणी साखरेचेच आधी 65 करतो, त्यात बाकी मिळवून 85 रुपये 50 पैसे, आणि त्याचे पुन्हा 86. दुसरा वाणी आधी सगळे मिळवतो आणि मग मिटवायला जातो, तर मिटवायला काही उरतच नाही. बिल बरोबर 85. गुणाकार आणि बेरीज एका दमात करून एकदाच मिटवणारी ही दुसऱ्या वाण्याची चाल इंटेलच्या प्रोसेसरांत 2013 पासून आली. आता ज्या क्लस्टरमध्ये काही नोड जुने आणि काही नवे असतील तिथे काय होईल? गणिती कामाचे तयार प्रोग्राम, ज्यांना लायब्ररी म्हणतात, ते मोठे चतुर असतात. आपण कोणत्या प्रोसेसरवर आहोत हे पाहून त्याला सोयीची वाट ते स्वतःच निवडतात. मग जुन्यावर एक शेपूट, नव्यावर दुसरे. वेग थोडा गेला तरी चालेल, पण सर्वांनी एकाच वाटेने जावे, अशी सक्ती करण्याची सोयही इंटेलच्या लायब्ररीत ठेवलेली आहे. ती ठाऊक नसलेले लोक रात्री जागवतात.

आता कोणी म्हणेल, पंधराव्या घरातल्या फरकाचे एवढे काय! चाचणीत थोडी सूट ठेवा, म्हणजे झाले. सूट ठेवावीच लागते. ती न ठेवणारा माणूस हट्टी म्हणावा. परंतु किती ठेवावी याला विचार लागतो. चाचणी जुळेपर्यंत सूट वाढवत जाणारे महाभाग मी पाहिले आहेत. ताप उतरत नाही म्हणून पारा झटकून ठेवण्यातलाच तो प्रकार. आणि काही हिशेब असे असतात की त्यांत शेपटाचा फरक शेपटाला राहत नाही.

1961 सालची गोष्ट. अमेरिकेत एमआयटीमध्ये एडवर्ड लोरेन्झ नावाचे हवामानशास्त्रज्ञ एका छोट्या संगणकावर काल्पनिक हवामान चालवून पाहत होते. एक हिशेब त्यांना मधूनच पुन्हा सुरू करायचा होता. कागदावर छापून आलेले आकडे त्यांनी यंत्रात भरले. यंत्राच्या पोटात 0.506127 होते, कागदावर जागा वाचवण्यासाठी 0.506 एवढेच छापले होते. थोडा वेळ दोन्ही हिशेब हातात हात घालून चालले, मग जरा दुरावले, आणि त्या काल्पनिक जगात दोन महिने उलटतात न उलटतात तो दोन्ही हवामानांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही.

आपल्या पुण्याला पाषाणच्या हवामान संस्थेत 2018 साली प्रत्युष नावाचा महासंगणक आला आणि 2024 च्या सप्टेंबरात त्याच्याहून पुष्कळ जोरकस असा अर्क आला. हाही एक क्लस्टरच, हजारो प्रोसेसरांचा. अशा ठिकाणी हवामानाचे मॉडेल एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना प्रश्न उभा राहतो : उत्तर बदलले, पण ते लोरेन्झच्या न्यायाने बदलले की खरोखर काही बिघडले? दोन्हींचे रूप वरून सारखेच दिसते.

यावर अमेरिकेतल्या एनसीएआर या संस्थेच्या मंडळींनी 2015 च्या सुमारास जो तोडगा काढला तो मला फार आवडला. त्यांनी भरवशाच्या यंत्रावर एकच मॉडेल दीडशेवर वेळा चालवले. दर खेपेला सुरुवातीच्या तापमानात चौदाव्या दशांश घरात इवलासा फरक केला. अशा रीतीने हवामान स्वभावतः किती इकडेतिकडे होते याचा अंदाज आला. मग नव्या यंत्राचे उत्तर त्या घोळक्यात बसते की बाहेर पडते, एवढेच पाहायचे. घरातली सगळी भावंडे थोडीथोडी वेगळी असतात. पण शेजारचे पोर त्यांत येऊन बसले तर आईला कळते, तसे. या कसोटीत मिरा नावाच्या एका महासंगणकावरची उत्तरे घोळक्याबाहेर पडली. शोध घेता घेता बोट ठेवले गेले ते त्या दुसऱ्या वाण्यावर, म्हणजे एका दमात होणाऱ्या गुणाकार-बेरजेवर. ती चाल बंद केली आणि उत्तरे पुन्हा घोळक्यात आली. वाण्याची पद्धत तशी चुकीची नव्हे, किंबहुना अधिक अचूकच. पण मॉडेलचा ढगांविषयीचा एक भाग तिला सोसेना.

सारीच कारणे एवढी गहन नसतात, हेही सांगायला हवे. 2019 मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांना आढळले की रसायनशास्त्राच्या हिशेबासाठी 2014 पासून वापरात असलेला एक छोटा प्रोग्राम वेगवेगळ्या संगणकांवर वेगवेगळी उत्तरे देतो. कारण ऐकाल तर हसाल. प्रोग्राम एका खणातल्या फाइलींची यादी मागत होता आणि ती नावांच्या क्रमाने येईल असे धरून चालला होता. काही संगणक यादी क्रमाने देत, काही मनाला येईल तशी. हजेरीपट एका क्रमाने आणि गुणपत्रके दुसऱ्या क्रमाने लावली, तर जोश्यांचे गुण जाधवांना जायचेच! यादी आधी क्रमाने लावून घे, एवढे सांगणारी एक ओळ घातली आणि काम झाले.

ठाण्याच्या चिरंजीवांनी म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा, की सात नंबरचे यंत्र स्वतःशी तरी सहमत आहे का? तीच चाचणी त्याच यंत्रावर शंभर वेळा चालवावी. ते शंभरही वेळा एकच उत्तर देत असेल, आणि ते इतरांहून वेगळे असेल, तर दोन घरांतला फरक शोधावा. लायब्ररीची आवृत्ती तीच आहे का, प्रोसेसर त्याच पिढीचा आहे का, नोड सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगांत कोणी रात्री-बेरात्री हात घातला होता का? बहुतेक वेळा चोर इथेच सापडतो. क्लस्टर दुरुस्त करायला आलेल्या माणसाने अकरा नोडांवर नवी आवृत्ती चढवलेली असते आणि त्या दिवशी सातवा बंद असतो.

पण चिरंजीव म्हणतात तसे यंत्र स्वतःशीच भांडत असेल, कधी पास, कधी नापास, तर शोध अवघड. मग काम एकाच धाग्यात, एकामागून एक करायला लावून पाहावे. भांडण मिटले तर क्रमाचा दोष. नाही मिटले तर पाहावे की प्रोग्राम एखाद्या जागेत काही न लिहिताच तिथले वाचतो आहे काय. आधीच्या भाडेकरूने सोडलेले सामान आपले समजून वापरावे तसे ते होते, आणि भाडेकरू रोज निराळा असतो. दोन कामे एकाच नावाच्या तात्पुरत्या फाइलीवर लिहीत आहेत काय, हेही पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलून चाचणी पास झाली, तर कोणत्या औषधाने गुण आला हे कधीच कळत नाही. आणि "पुन्हा चालवा, होईल पास" हा जो उपाय कचेऱ्यांतून सर्रास चालतो, त्याला मी उपाय म्हणायला तयार नाही. त्या खेपेस पास झाली म्हणून आदल्या खेपेचे नापास होणे पुसले जात नाही.

अशा शोधाचा नमुना पाहायचा असेल तर व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांचा पाहावा. हे गृहस्थ जुळ्या मूळ संख्यांच्या मागे लागले होते. 11 आणि 13, 17 आणि 19 अशा दोनाच्या अंतराने येणाऱ्या मूळ संख्या त्या जुळ्या. त्यांच्या व्यस्तांची बेरीज एका ठरावीक आकड्यापलीकडे जात नाही, हे नॉर्वेच्या व्हिगो ब्रून यांनी 1919 मध्ये दाखवले होते. तो आकडा अधिकाधिक बारकाईने काढण्यासाठी नाइसली यांनी कित्येक साधे संगणक कामाला लावले होते. गरिबाघरचा क्लस्टरच म्हणा ना! 1994 च्या मार्चमध्ये त्यांत एक नवे, वेगवान पेंटियम यंत्र दाखल झाले.

जून महिन्यात एक ताळा जुळेना. नाइसली यांनी पुन्हा चालवून पाहून समाधान मानले नाही. त्यांना आधी आपल्याच प्रोग्रामचा संशय आला, तो तपासला. मग प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरचा. आणि तिथे खरोखरच एक चूक सापडली. दुसरा कोणी असता तर चोर सापडला म्हणून निजला असता. ऑक्टोबरात नवी चूक उघडी पडली. 824633702441 आणि 824633702443 या जुळ्यांचे व्यस्त काढताना पेंटियम सुरुवातीचे काही आकडे बरोबर देई आणि पुढे घसरे. तोच प्रोग्राम जुन्या 486 यंत्रावर बिनचूक चाले. दुसऱ्या पेंटियमवर नेला तर तिथेही तीच चूक. पेंटियममधला अपूर्णांकी गणिताचा भाग बंद ठेवून चालवला तर चूक नाहीशी! एकेक पडदा असा बाजूला सारत, जूनमध्ये लागलेला सुगावा ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात प्रोसेसरपर्यंत पोचला. 30 ऑक्टोबरला त्यांनी ओळखीच्या काही जाणकारांना पत्र धाडून ही गोष्ट कळवली, आणि ती जगभर झाली.

दोष भागाकारात होता. भागाकार झटपट व्हावा म्हणून प्रोसेसरच्या पोटात 1066 घरांचा एक तक्ता, आपल्या पाढ्यांसारखा, बसवलेला होता. त्यातली पाच घरे भरायचीच राहिली होती. 4195835 ला 3145727 ने भागले तर 1.33382 यायला हवे; पेंटियम 1.33374 म्हणे. भागून पुन्हा गुणून मूळ संख्येतून वजा केले तर शून्य उरावा, तर उरत 256! शाळेतला कोणताही मास्तर ताळा पाहून वही परत फेकील असे हे उत्तर. कंपनीचे म्हणणे पडले की सामान्य माणसाला ही चूक 27000 वर्षांत एखाद्या वेळी भेटेल. आयबीएमने आपला हिशेब मांडून चोवीस दिवस सांगितले आणि त्या प्रोसेसरची यंत्रे पाठवणे थांबवले. शेवटी 20 डिसेंबर 1994 रोजी इंटेलने मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे जाहीर केले. खर्च लिहिला गेला 47 कोटी 50 लाख डॉलर.

पेंटियमचे एक बरे होते : सगळे पेंटियम सारखेच चुकत. एका कारखान्यातून एकाच नकाशाने बाहेर पडलेल्या हजारो प्रोसेसरांतला एखादाच, आणि त्याच्याही पोटातला एखादाच गाभा, एखाद्याच हिशेबात चुकत असेल तर? ही कल्पना नव्हे. 2021 मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी असा एक दाखला प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे काही फाइली उघडल्यावर अधूनमधून गायब होत. शोधत शोधत ते एका यंत्राच्या 59 क्रमांकाच्या गाभ्याशी पोचले. 1.1 ला 1.1 ने गुणत बावन्नाव्या घातापर्यंत नेले की पूर्णांकी उत्तर 142 येते. ते हा गाभा बिनचूक देई. त्रेपन्नाव्या घाताचे 156 यायला हवे, तिथे हा शून्य म्हणे. ना कसली सूचना, ना तक्रार. असा शून्य फाइलीच्या आकारमानाच्या जागी आला, की फाइल रिकामीच आहे असे समजून पुढचा प्रोग्राम तिला वगळून पुढे जाई. आणि कोणाच्या तरी मजकुराला त्याचा मालक मुके.

त्याच वर्षी गूगलच्या मंडळींनीही लिहिले, की काही हजार यंत्रांमागे असे दोन-चार लहरी गाभे त्यांना भेटतात. त्यांतला एक तर विलक्षण होता. तो मजकूर गुप्त लिपीत चुकीचा लिही, आणि पुन्हा उलगडायला त्यालाच दिला की बरोबर उलगडी. त्याच्याच घरी ताळा पाहिला तर नेहमी जुळे. तोच मजकूर दुसऱ्या यंत्राकडे नेला की नुसती अक्षरांची खिचडी! फेसबुकने 2022 मध्ये सांगितलेली व्यवस्था अशी होती : अधूनमधून प्रत्येक यंत्राला कामावरून काढून सावकाश परीक्षेला बसवायचे, आणि शिवाय चालू कामाच्या फटीफटींतून, सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांत आटपणारे छोटे ताळे सतत घालत राहायचे.